भिंतीकडचं अंथरूण

धामणकर नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर मितेशचं बाकडं होतं. बाकड्यावर छत्री, छत्रीच्या दांड्याला दोरीनं बांधलेली पाटी : ‘लायसन, पॅनकार्ड, सर्व फॉर्म भरून मिळतील.’ साल दोन हजार सहा, दिवाळी होऊन पंधरवडा झालेला. सकाळच्या उन्हात मनोज त्या बाकड्यापाशी उभा होता आणि मितेश काय म्हणतो ते त्याच्या ओठांवर वाचत होता. नऊ वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेला माणूस ऐकत नाही, बघतो. कारखान्यात अठ्ठेचाळीस लूम एकदम चालतात. तिथे बोलणं म्हणजे नुसते ओठ हलवणं. मनोजचा डावा कान तर गेल्या वर्षीच गेला होता. उजवा अजून धरून होता.

“शाळा सोडल्याचा दाखला आहे. फोटो आहेत. डॉक्टरचं सर्टिफिकेट होऊन जाईल.” मितेशनं कागद बोटानं पुढेमागे केले. “पत्त्याचा पुरावा?”

“कामतघरला राहतो. केसरीनाथ शेठच्या खोलीत.”

“ते मला सांगून काय उपयोग? रेशनकार्ड?”

“गावाला.”

“लाइट बिल?”

“शेठच्या नावावर.”

“मग तू राहतोस कुठे बाबा?” मितेश खो खो हसला. “लायसन पाहिजे तर आधी कुठेतरी राहायला लाग!”

मनोजही हसला, कारण हसण्यावाचून काय करणार. पण त्याच्याकडे दिवस थोडे होते. टेमघरच्या अब्दुर्रहमान सेठनी त्यांच्या गोडाऊनच्या टेम्पोवर त्याला घ्यायचं कबूल केलं होतं. पंधरा तारखेपर्यंत लर्निंग लायसन दाखव, नाहीतर दुसरा माणूस उभा आहे. डॉक्टरनं बजावलं होतं, लूम सोडला नाही तर उजवा कानही वर्षभर टिकणार नाही. मुरबाडच्या पलीकडे गावात त्याची मुलगी, पूर्वी, दोन वर्षांची झाली होती. एसटीडी बूथवरून फोन लावला की ती पलीकडून काहीबाही बोलायची आणि मनोज रिसीव्हर उजव्या कानावर इतका दाबून धरायचा की कान लाल व्हायचा. बहिऱ्याला लायसन मिळत नाही, आणि बहिऱ्याला मुलीचा आवाजही मिळत नाही.

नऊ वर्षं तो या शहरात होता, त्यांतली चार त्याच एका खोलीत. त्यानं विणलेलं कापड कुठल्याकुठे पोचलं असेल. त्याला स्वतःला मात्र इथे पत्ता नव्हता.

केसरीनाथ शेठ कामतघरचे जुने जमीनवाले. शेतं गेली, त्यावर चाळी उठल्या. शेठ दुपारचे ओटीवर झोपाळ्यावर बसत आणि त्यांचा माणूस बाळाराम खाली पायरीवर.

“भाड्याची पावती? न्हाय बा,” शेठ म्हणाले. “आज पावती दिली का उद्या तू म्हनशील खोली माझी हाय.”

“शेठ, फक्त राहतो एवढं लिहून द्या.”

“इथं सगलेच राहतान. कोना-कोनाला लिवून देऊ?” शेठनी झोपाळा पायानं थांबवला. “पर एक काम कर. पोलिसांनी भाडोत्र्यांची यादी मागितलीय सगल्या खोलीवाल्यांकडं. तुझ्या खोलीतली दोनी पाल्यांची नावं लिवून आन. नाव, बापाचं नाव, गाव, वय. त्याच्यावर चौकीचा शिक्का घेईन न् एक कापी तुला देईन. चालल?”

“चालेल शेठ. उपकार झाले.”

“उपकार कसले? तेवढंच माझं लिवायचं काम वाचलं,” शेठ म्हणाले, आणि बाळाराम खालून खिदळला.

खोली म्हणजे दहा बाय बारा. एक खिडकी, तीही शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला लागलेली. त्या भिंतीपलीकडे लूम चालत, त्यामुळे खोलीची फरशी सदैव थरथरत असे. तांब्यातलं पाणीसुद्धा कधी स्थिर नसे. आठ माणसं, पण अंथरुणं आठांची नव्हती. दिवसपाळीचे चौघे सकाळी आठला उठून कामावर जात, रातपाळीचे चौघे येऊन त्याच ऊबदार सतरंज्यांवर आडवे होत. शुक्रवारी कारखाने बंद, तेव्हा आठजण मावत नाहीत म्हणून रातपाळीवाले कारखान्यातच कापडाच्या ताग्यांवर झोपत. दोन्ही पाळ्यांची भेट व्हायची ती दारात, एक चप्पल घालताना आणि दुसरा काढताना. आणि त्या खोलीत एकच नियम होता, कुणी न लिहिलेला पण सगळ्यांनी पाळलेला : झोपलेल्याला उठवायचं नाही. बारा तास उभा राहिलेला माणूस झोपला की त्याला देवसुद्धा हाक मारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोजनं दारातच सादला गाठलं. साद महाडकडचा, रातपाळीचा म्होरक्या. डोळे तांबारलेले, केसांत कापूस.

“साद, यार, तुमच्या चौघांची नावं पाहिजेत. पोलिसांना यादी द्यायचीय.”

“क्या बात है! म्हणजे आता पोलीस पण नावानं ओळखणार.” सादनं भिंतीला कागद लावून चार नावं भराभरा लिहिली आणि पेन परत दिलं. “घे. तुमची चार झाली का?”

“मी, रामनाथ, विठू, विठूचा मेहुणा. पण तुमची पाच पाहिजेत ना?”

“पाच कशी? आम्ही चौघंच.”

“अरे तो भिंतीकडचा. चादर घेऊन झोपलेला असतो तो.”

सादनं जांभई अर्ध्यावर सोडली. “तो तुमचा आहे.”

“आमचा? आम्ही रात्री येतो तेव्हा तो झोपलेलाच असतो. आम्हाला वाटलं, तुमच्यातला आजारी.”

“आणि आम्ही सकाळी येतो तेव्हाही झोपलेलाच असतो. मला वाटलं, तुमचा बदलीवाला…”

मागून विठू म्हणाला, “मग दोन्ही पाळ्यांत झोपतो की काय? मजा आहे लेकाची. शेठला विचारायला पाहिजे, ही ड्युटी कुठे मिळते!”

सगळे हसले. मग कुणीच हसेना. उघड्या दारातून आत खिडकीखाली, भिंतीला चिकटून, ते पाचवं अंथरूण दिसत होतं. डोक्यावरून राखाडी चादर. तोंड भिंतीकडे. चार वर्षांत मनोजनं ते रोज पाहिलं होतं आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

“उठला की नाव विचार,” साद हळूच म्हणाला आणि आत न जाता पायरीवरच बिडी पेटवत बसला.

यादी अर्धवट नेली तर शेठ परत पाठवणार, हे ठरलेलं. मनोजनं त्या दिवशी अर्धी सुट्टी घेतली आणि भरदुपारी खोलीवर आला. दार लोटून आत पाऊल टाकलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र डोळ्यांना काही वेळ नुसता अंधार. साद आणि त्याचे तिघे मेल्यासारखे झोपले होते. मशीनच्या तेलाचा वास, घामाचा वास, आणि त्यांच्या तळाशी आणखी एक, बंद डब्यात विसरलेल्या भाकरीसारखा. हा वास त्याला परिचयाचा होता. खोलीचाच वास समजून तो चार वर्षं त्यातच झोपला होता.

तो भिंतीपाशी उकिडवा बसला. कागद गुडघ्यावर, पेन हातात.

“भाऊ… ओ भाऊ… नाव सांगा जरा. यादीत घालायचंय.”

पलीकडच्या लूमच्या धडधडीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. तो खाली वाकला. चादरीवर कापसाची बारीक लव बसली होती. ज्या लूमला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही त्याच्यावर बसते तशी, घडीघडीत, जाड, कुठेही न विस्कटलेली.

तेवढ्यात लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती. पंखा गरगरत मंद झाला. भिंतीपलीकडचे लूम एकेक करून थांबले, मग गल्लीतले, मग साऱ्या कामतघरचे. लांबवर एक शेवटचा लूम खटखट करत राहिला आणि तोही थांबला. फरशीची थरथर गेली. तांब्यातलं पाणी स्थिर झालं. अशी शांतता मनोजनं या खोलीत कधी ऐकली नव्हती. ती इतकी होती, की त्याच्या उजव्या कानात ठणका उठला. त्या शांततेत त्याला झोपलेल्यांचे श्वास ऐकू येऊ लागले. सादचा घरघरता. त्याच्या शेजारचा लांब. पलीकडचा शिट्टीसारखा. दाराजवळचा तुटक.

चार श्वास.

मनोजनं कान तिरका करून पुन्हा मोजले. चार.

“भाऊ…”

चादर सरकली. कुणी ओढली नाही, ती आपोआप सरकली, आणि तोंड त्याच्याकडे वळलं. तरुण होता. तिशीचा असेल. पापण्या मिटलेल्या, पापण्यांच्या केसांवर कापूस. भयंकर असं त्या चेहऱ्यात काहीच नव्हतं. नाक्यावर, खानावळीत, कुठेही दिसावा असा चेहरा. फक्त ओठ हलत होते.

आवाज नव्हता. पण मनोजला आवाजाची गरज नव्हती. तो त्या ओठांकडे बघत राहिला. ओठ मिटले, उघडले, गोल झाले, पसरले. नऊ वर्षांत त्यानं शिव्या वाचल्या होत्या, गाणी वाचली होती, एकदा एका माणसाची मरतानाची हाक वाचली होती. पण या ओठांतून एक अक्षर जुळेना. माणूस सांगायची धडपड करत होता आणि त्याला ते आठवत नव्हतं. ओठ एक आकार धरत, थबकत, सोडून देत, पुन्हा पहिल्यापासून. आपलंच नाव तो चाचपडत होता…

लाइट आली. सारं कामतघर एकदम धडधडू लागलं. सादनं कूस बदलली. मनोजनं डोळे मिटून उघडले तेव्हा चादर डोक्यावर होती, आणि तिच्यावरची लव होती तशी.

तो धडपडत बाहेर पडला तो थेट पुतळाबाईच्या खानावळीत. पुतळाबाई गल्लीच्या तोंडाशी पंचवीस वर्षं भात शिजवत होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं आधी पाण्याचा पेला पुढे केला.

“मावशी, आमच्या खोलीत भिंतीकडे कोण झोपतं?”

पुतळाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“तू यायच्या म्होरं दोन महिने,” ती म्हणाली. “एक पोरगा आला व्हता. नवा. बदलीवर. कंदी दिवसा, कंदी राती. ताप भरला न् पडला थितं. दिवसपालीवाल्यांना वाटलं रातवाल्यांचा हाय, रातवाल्यांना वाटलं दिवसवाल्यांचा. कुनी उठवला न्हाय. दोन दिवस न् एक रात. सगले त्याच्या बाजूला झोपलं, उठलं, कामावर गेलं. मंग वास सुटला तवा कलला. तवाचं कुनी आता त्या खोलीत न्हाय.”

“नाव काय होतं त्याचं?”

“त्येच तर. पोलीस आलं, नाव इचारलं. कुनाला म्हाईत न्हाय. मुकादमानं सांगितला, माझ्या हजेरीत असा मानूस न्हाय. शेठनी सांगितला, माझ्या खोलीत असा भाडोत्री न्हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “माझ्याकडं जेवला आठ-दहा दिस. मना थाली वलखता येते रं, नाव न्हाय. कागदावर लिवला त्यांनी : अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस. तसाच नेला.”

“म्हणजे तो…”

“तू यादी लिवतो ना?” पुतळाबाईनं त्याच्या हातातल्या कागदाला बोट लावलं. “तर त्याला पन लिव. कायपन लिव. यकदा कुठं तरी लिव त्याला.”

त्या रात्री मनोज खोलीवर गेला नाही. कारखान्यात ताग्यांवर झोपला. आठ नावांखाली त्यानं नववी ओळ लिहिली : अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, राहणार वरीलप्रमाणे. लिहिताना त्याला बरं वाटलं. कुणाच्या तरी बाजूनं आपण उभे राहिलो असं वाटलं.

शेठनी यादी वाचली. नवव्या ओळीवर झोपाळा थांबला.

“हे कुनी सांगितला लिवायला?”

मनोज अंगणातल्या कोंबड्यांकडे बघू लागला.

“माझ्या खोलीत आठ मानसं हान. आठ. ही ओल असंल तर चौकीत मी काय सांगू? तुझं लायसन र्‍हायलं बाजूला, मनाच बसवून ठेवतील.” शेठचा आवाज चढला नव्हता. “परवा तेरा तारीख, पंधराला तुझी मुदत. तूच ठरव.”

“शेठ, तो खरंच होता. त्याला—”

“तुला टेम्पो पायजे का तो पायजे?”

बाळारामनं कोरा कागद आणि पेन त्याच्यासमोर पायरीवर ठेवलं. मनोजला उजव्या कानात लेकीचं, पूर्वीचं, फोनवरचं ते न कळणारं बोलणं ऐकू आलं. त्यानं कागद ओढला. आठ नावं पुन्हा लिहिली, सुवाच्य अक्षरात, सर्वांत शेवटी स्वतःचं; आणि त्याखाली, पुढे काही भरता येऊ नये म्हणून, एक आडवी रेघ मारली. जुना कागद बाळारामनं फाडला. तुकडे खाली पडले आणि कोंबड्या त्यांच्याकडे धावल्या.

शिक्का मिळाला. लर्निंग मिळालं. डॉक्टर योगायोगानं उजव्या बाजूलाच बसले होते. त्यांनी विचारलं ते सगळं मनोजला ऐकू आलं. पंधरा तारखेला तो टेम्पोवर चढला. खोलीतून त्यानं आपली पिशवी उचलली ती रातपाळीवाले झोपलेले असताना, भिंतीकडे न बघता. कुणाचा निरोप घेतला नाही. रामनाथला वाटलं असेल पाळी बदलून घेतली. रातपाळीवाल्यांना वाटलं असेल दिवसपाळीतच आहे. आपलं जाणं कुणाच्या लक्षात आलं नाही याचं मनोजला तेव्हा हायसंच वाटलं.

पुढे दीड वर्ष गेलं. लायसन पक्कं झालं. गोडाऊनच्या मागे पत्र्याची खोली मिळाली, बायको आणि पूर्वी आल्या. कान तेवढाच राहिला, पण राहिला.

आणि एका दुपारी धामणकर नाक्यावर टेम्पो गर्दीत अडकला असताना खिडकीवर थाप पडली. साद. दाढी पिकायला लागलेली, केसांत तोच कापूस.

“अरे मनोज! आज बरा उठलास!”

“उठलो म्हणजे?”

“म्हणजे काय, सदा न् कदा झोपलेला. आज सकाळी पण तुझ्या अंगावरची चादर सरळ केली मी.” सादनं शर्टाच्या खिशात हात घातला. “बरं झालं भेटलास. हे घे. आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. झोपलेल्या माणसाला उठवून कसं देणार?”

“साद, मी खोली सोडून दीड वर्ष झालं…”

“चल, मस्करी नको.” साद खिडकीवर रेलला. “मतदार कार्डवाले खोलीवर आले तेव्हा नव्हतास का? शेठनी दिलेली यादी वाचत होते. सात नावं झाली, सात माणसं झाली. शेवटी म्हणाले, मनोज. आणि तू भिंतीकडचा उठून बसलास की! म्हणालास, मीच. पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला आम्ही इतक्या दिवसांत. मग शाळेत आमच्याबरोबर फोटो काढायला पण आलास.”

मनोजनं कार्ड हातात घेतलं. नाव त्याचं. वडिलांचं नाव बरोबर. वय बरोबर. पत्ता कामतघर, तीच खोली. फोटोतला माणूस तिशीचा होता. फोटोवाल्यानं सांगितलं असेल, तरी त्यानं डोळे उघडलेले नव्हते.

“हा मी नाही,” मनोज म्हणाला.

“तू नाही तर कोण?” साद हसत म्हणाला. त्यानं कार्डाकडे पाहिलं. मग मनोजकडे. मग पुन्हा कार्डाकडे. हसू हळूहळू उतरलं. मागे हॉर्नांचा एकच कल्लोळ उठला होता. आता मनोजला सादचे फक्त ओठ दिसत होते, आणि ते थोडे मागे सरले होते.

मनोजनं घाईघाईनं खिशातून स्वतःचं लायसन काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. “हे बघ. हा मी. हा मनोज.”

सादनं वाकून लायसनवरचा फोटो पाहिला. त्या फोटोतलेही डोळे आता मिटलेले होते. त्याचा चेहरा लगेच निवळला.

“हां, हाच तर आमचा मनोज,” त्याचे ओठ म्हणाले. मग त्यानं मान वर करून टेम्पोत बसलेल्या माणसाकडे अनोळखी नजरेनं बघितलं.

“पण भाऊ… हे तुमच्याकडे कसं आलं?”